पुरवणी आणि प्रक्षेप : मुक्त आज्ञावलींच्या पुरवण्या वाटणाऱ्या संकेतस्थळाच्या रचनेचा विचार

१

एखादी कृती सर्वांना वापरण्यास, बदलण्यास आणि वाटण्यास खुली ठेवली, म्हणजे तिच्यात भर घालणारे हात पुढे येतातच. अशी भर पडत राहणे हे त्या कृतीच्या जिवंतपणाचे लक्षण होय. परंतु भर कोठे संपते आणि भेसळ कोठे सुरू होते, हा प्रश्नही त्याबरोबरच उभा राहतो. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रश्न पोथ्यांच्या निमित्ताने चांगला परिचित आहे. मुक्त-स्रोत आज्ञावलींच्या क्षेत्रात तोच प्रश्न आज नव्या साहित्यानिशी उपस्थित झाला आहे, आणि त्याचे उत्तर पुष्कळ अंशी एका साध्या वाटणाऱ्या वस्तूवर, म्हणजे पुरवण्या वाटणाऱ्या संकेतस्थळाच्या रचनेवर, अवलंबून आहे.

संगणकाच्या व्यवहारात एक्स्टेन्शन, प्लग-इन, ॲड-ऑन अशा निरनिराळ्या नावांनी जे ओळखले जाते, त्या सर्वांसाठी येथे ‘पुरवणी’ हा एकच शब्द योजिला आहे. मूळ आज्ञावलीस हात न लावता, तिने राखून ठेवलेल्या जागी जोडता येणारा स्वतंत्र भाग म्हणजे पुरवणी. लेखनाच्या आज्ञावलीत मराठी शब्दांचे शुद्धलेखन तपासणारा कोश किंवा संकेतस्थळावर देवनागरी टंकनाची सोय करणारा कळफलक ही तिची परिचित उदाहरणे होत. अशा पुरवण्या एकत्र ठेवणाऱ्या स्थळाचे परीक्षण करताना बहुधा त्याची मांडणी, वेग आणि शोधाची सोय ह्यांकडेच लक्ष जाते. ह्या गोष्टी आवश्यक आहेत. पण त्या दुय्यम होत. पुरवणी आणि प्रक्षेप ह्यांतील भेद सांध्याचा आहे. ज्या भरीचा सांधा वाचकास दिसतो ती पुरवणी, आणि ज्या भरीचा सांधा पुसला गेला तो प्रक्षेप. सांधा दिसता ठेवणे, आणि तो काळ लोटल्यावरही दिसता राहील अशी तजवीज करणे, हे पुरवण्यांच्या स्थळाचे आद्य कार्य होय. ह्याच कसोटीवर येथे काही प्रसिद्ध स्थळांची पारख करावयाची आहे.

२

ह्या कसोटीचे मूळ शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील नेवासे येथे प्रवरेच्या काठी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध झाली. हा ग्रंथ स्वतःच एक पुरवणी आहे. गीतेच्या सातशे श्लोकांना जोडलेल्या ह्याच्या सुमारे नऊ हजार ओव्या मूळ श्लोकांत कोठेही मिसळत नाहीत. भाषा निराळी, छंद निराळा, त्यामुळे मूळ कोणते आणि भर कोणती हे केवळ कानांनीही कळते. शिवाय ग्रंथसमाप्तीच्या ओव्यांत स्थळ, काळ, राज्यकर्ता यादव राजा रामचंद्र आणि लेखक सच्चिदानंदबाबा ह्यांची नोंद आहे. आजच्या भाषेत बोलावयाचे, तर कृतीची ओळख पटविणारी सर्व माहिती कृतीबरोबरच प्रवास करीत राहिली.

पुढे अडचण निर्माण झाली ती ज्ञानेश्वरीत नव्या ओव्या पडू लागल्या तेव्हा. ओवीत ओवी मिसळली की सांधा उरत नाही. भाषा तीच, छंद तोच, आणि घालणाऱ्याचे नाव नाही. अशा प्रतींचे शोधन एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, केले, आणि ह्यापुढे कोणी स्वतःची ओवी ह्या ग्रंथात घालू नये, असा स्पष्ट निषेध शेवटी नोंदविला. हा उपाय परिणामकारक ठरला, ह्यात शंका नाही. तथापि त्याची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. शोधित प्रत प्रमाण ठरली, की तिच्या आधीची स्थिती काय होती हे तिच्यावरून कळत नाही. वि. का. राजवाडे ह्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली, तेव्हा जुन्या पाठाचा वाद नव्याने पेटला तो ह्याच कारणाने.

महानुभावांनी ‘लीळाचरित्रा’च्या बाबतीत निराळी वाट चोखाळली. त्यातील पाठभेद पुष्कळदा ज्या व्यक्तीच्या परंपरेतून आला, तिच्या नावानिशी ग्रंथातच नोंदलेले आढळतात. मूळ एक, त्याच्या शेजारी दुसरा पाठ, आणि त्या पाठाचा धनी कोण ह्याचा उल्लेख, अशी ही पद्धत आहे. निषेधाने भर थांबते. नोंदीने ती ओळखता येते. मुक्त आज्ञावलीच्या परवान्याने निषेधाचा मार्ग बंद केलेला असतो, कारण बदलण्याचा अधिकार तोच सर्वांना देतो. तेव्हा अशा आज्ञावलीस उरतो तो नोंदीचाच मार्ग.

ह्या पूर्वपरंपरेतून संकेतस्थळासाठी तीन प्रश्न निष्पन्न होतात. भर कोणाची, आणि ते नाव दुसऱ्याच्या हाती गेल्यास वाचकास कळते काय? ती मूळच्या कोणत्या आवृत्तीस जोडली आहे, आणि ते कोणी तपासले? आणि मूळ बदलले किंवा कर्ता निघून गेला, तरी जुनी प्रत पाहावयास मिळते काय?

३

पर्ल ह्या संगणकभाषेच्या पुरवण्यांचे सीपॅन हे भांडार १९९५ साली खुले झाले. त्याचा देखावा साधा, जवळजवळ रूक्षच होता. परंतु वरील तिन्ही प्रश्नांचा विचार त्याच्या रचनेत झालेला दिसतो. प्रत्येक कर्त्याची स्वतंत्र नोंद, आणि एखादे नाव प्रथम वापरणाऱ्याचा त्या नावावरील अधिकार, हा तेथील नियम. कर्त्याने आपली जुनी आवृत्ती काढून टाकली तरी ती बॅकपॅन ह्या दुसऱ्या संग्रहात राहते. १९९८ पासून स्वयंसेवक परीक्षकांची एक व्यवस्था तेथे उभी राहिली. नवी पुरवणी आली की निरनिराळ्या यंत्रांवर आणि पर्लच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवर ती चालवून पाहिली जाते आणि निष्कर्ष जाहीर केले जातात. पुरवणी कोठे चालते हे सांगणारा येथे तिचा कर्ता नसतो, ही ह्या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची गोष्ट होय.

सीपॅनचा आणखी एक विशेष फारसा लक्षात घेतला जात नाही. तेथे साठा आणि दर्शनी भाग ह्यांची फारकत केलेली आहे. मूळ साठा जगभरच्या अनेक यंत्रांवर प्रतिरूपाने ठेवलेला असतो, आणि शोधाची पृष्ठे त्याहून निराळी असतात. २०१८ साली तेथील जुने शोधस्थळ बंद होऊन वाचक मेटासीपॅनकडे वळविण्यात आले, तेव्हा साठ्याला धक्काही लागला नाही. दुकानाची पाटी बदलली, पण कोठार जागच्या जागी राहिले. आजची बहुतेक स्थळे कोठार आणि पाटी एकाच भिंतीत बांधतात, आणि भिंत पडली की दोन्ही जातात.

४

नावाचा प्रश्न किती नाजूक आहे, हे जावास्क्रिप्टच्या पुरवण्यांच्या एनपीएम ह्या भांडाराने दाखवून दिले. मार्च २०१६ मध्ये एका पुरवणीच्या नावावरून तिचा कर्ता आणि एक कंपनी ह्यांच्यात तंटा झाला. भांडाराच्या चालकांनी ते नाव कंपनीस दिले, आणि कर्त्याने संतापून आपल्या सर्व, म्हणजे अडीचशेहून अधिक, पुरवण्या मागे घेतल्या. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अवघ्या अकरा ओळींची एक पुरवणी होती. अक्षरमालिकेच्या डावीकडे रिकामी जागा भरणे एवढेच तिचे काम. परंतु असंख्य मोठ्या आज्ञावली परंपरेने तिच्यावर विसंबून होत्या आणि त्या सर्वांची बांधणी अडून बसली. चालकांनी ती पुरवणी काही तासांतच पुन्हा उपलब्ध केली, आणि पुढे मागे घेण्याच्या अधिकारावर मर्यादा घातली.

ह्या प्रसंगाची चर्चा बहुधा अवलंबित्वाच्या अतिरेकाचे उदाहरण म्हणून होते. रचनेच्या दृष्टीने त्यात दोन निरनिराळे दोष आहेत. नाव हे कृतीची ओळख आहे की बाजारातील पाटी, ह्याचा निर्णय स्थळाने आधी केलेला नव्हता, हा पहिला दोष. प्रसिद्ध झालेली प्रत परत घेता येते असे मानणे, हा दुसरा. छापून वाटलेला ग्रंथ लेखकास परत गोळा करता येत नाही; मुक्त परवान्याखाली दिलेली पुरवणीही तशीच मानली पाहिजे. कर्त्याला पुढील आवृत्ती न काढण्याचे स्वातंत्र्य असावे; झालेली आवृत्ती नाहीशी करण्याचे असू नये.

२०१८ मधील ‘इव्हेंट-स्ट्रीम’चे प्रकरण ह्याहून अधिक बोलके आहे. मूळ कर्त्याला त्या पुरवणीत रस उरला नव्हता. मदतीस पुढे आलेल्या एका अपरिचिताच्या हाती त्याने ती सोपविली, आणि त्या नव्या हाताने एका विशिष्ट पाकिटातील आभासी चलन चोरण्यासाठी रचलेला भाग तिच्यात गुपचूप जोडला. पुरवणीचे नाव तेच होते आणि तिने मिळविलेला विश्वासही तोच होता. पोथीच्या भाषेत हा शुद्ध प्रक्षेप होय. हस्तांतरण ही अपरिहार्य गोष्ट आहे. सर्वच कर्ते थकतात. परंतु ज्या स्थळावर हस्तांतरणाची तारीख, देणारा आणि घेणारा ह्यांची नोंद पृष्ठावरच ठळकपणे दिसत नाही, त्याने वाचकाला अंधारात ठेवले असे म्हणावे लागेल.

५

मोझिलाचे पुरवण्यांचे स्थळ देखण्या आणि सुबोध मांडणीसाठी प्रसिद्ध आहे, आणि तेथील तपासणीची परंपराही जुनी आहे. त्याची परीक्षा झाली ती तिसऱ्या प्रश्नावर. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी फायरफॉक्सची सत्तावन्नावी आवृत्ती आली आणि पुरवणी जोडण्याची जुनी पद्धत बंद झाली. ह्या बदलास सबळ कारणे होती. जुन्या पद्धतीत पुरवणी मूळ आज्ञावलीच्या अंतर्भागात थेट हात घालू शके, म्हणजे सांधा जवळजवळ नव्हताच; नव्या पद्धतीने तो आखून दिला. ह्या लेखाच्या कसोटीवर तो बदल समर्थनीयच ठरतो. परंतु २०१८ च्या उत्तरार्धात जुन्या पद्धतीच्या पुरवण्या स्थळावरूनही काढण्यात आल्या, आणि त्यांचा संग्रह करण्याचे काम बाहेरच्या स्वयंसेवकांवर पडले. न चालणारी पुरवणी चालती म्हणून दाखवू नये, हे खरे. पण ती होती हे पुसण्याचे कारण नव्हते. एखादी सोय पूर्वी कोणी कशी साधली होती, हे पाहूनच नवा कर्ता तिची पुनर्रचना करीत असतो. कालबाह्य प्रत हे त्याचे साधनग्रंथालय असते.

मे २०१९ मध्ये ह्याच स्थळाच्या व्यवस्थेतील एका प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे जगभरातील वापरकर्त्यांच्या पुरवण्या एकाएकी बंद पडल्या. मुद्रांकित प्रतीच चालतील हा नियम प्रक्षेप रोखण्यासाठी होता. पण सर्व विश्वास एकाच मुद्रेत साठविला की ती मुद्रा झिजताच खरे-खोटे सारखेच ठरते.

वर्डप्रेसच्या पुरवण्यांच्या स्थळावर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठळक अक्षरांत मिळते. मूळच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत पुरवणी तपासली आहे आणि शेवटचा फेरफार केव्हा झाला, हे प्रत्येक पृष्ठावर दिसते. मूळच्या अलीकडील तीन मोठ्या आवृत्त्यांवर तपासणी झालेली नसल्यास तसा इशाराही झळकतो. ही सोय प्रशंसनीय आहे. तिचे वैगुण्य इतकेच, की तपासल्याची ही नोंद कर्ता स्वतःच करतो. एक आकडा बदलला की इशारा नाहीसा होतो. सीपॅनच्या त्रयस्थ परीक्षकांशी तुलना केली म्हणजे ही उणीव उघड होते.

ह्याच स्थळावर ऑक्टोबर २०२४ मध्ये एक अपूर्व घटना घडली. ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ ही लाखो स्थळांवर वापरली जाणारी पुरवणी तिच्या कर्त्या कंपनीशी वाद चालू असताना स्थळाच्या चालकांनी आपल्याकडे घेतली, आणि त्याच जागी निराळ्या नावाने आपली आवृत्ती ठेवली. त्यासाठी सुरक्षिततेचे कारण देण्यात आले होते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर ती जागा मूळ कंपनीकडे परत गेली. वादाच्या गुणदोषांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. मुक्त परवान्याखालील पुरवणीची स्वतंत्र शाखा काढण्याचा अधिकार कोणासही असतो. ती शाखा नव्या जागी काढली असती तर ती पुरवणीच ठरली असती. जुनीच जागा आणि जुन्या वापरकर्त्यांचा सारा समुदाय तिला आपोआप मिळाला, म्हणून सांधा झाकला गेला. पोथी राखणाऱ्यानेच तीत पान बदलले, तर वाचकाने दाद कोठे मागावी, हा प्रश्न भांडाराच्या रचनाकाराने पहिल्याच दिवशी सोडवावयाचा असतो. चालकांचे अधिकार आणि त्यांच्या प्रत्येक हस्तक्षेपाची उघड नोंद, ही म्हणूनच रचनेची अंगे होत.

६

मराठीपुरता हा प्रश्न दूरचा नाही. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर संपादकांना साहाय्य करणारी ‘गॅजेट’ नावाची लहान साधने त्याच प्रकल्पाच्या पृष्ठांत लिहून ठेवलेली असतात. विकिपीडियाच्या निरनिराळ्या भाषांत अशी साधने एकमेकांकडून उतरवून घेण्याची रीत आहे. उतरवताना भाषांतर होते, स्थानिक गरजेनुसार फेरफार होतात आणि पुढे मुळात झालेली दुरुस्ती प्रतीत उतरत नाही. सर्व प्रकल्पांना समान असे गॅजेटांचे भांडार असावे, ही मागणी जुनी आहे. तोवर चालते ती लेखनिकांचीच परंपरा. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून केली, हे लिहून ठेवले असेल तरच कळते.

ह्याच्या उलट उदाहरणही त्याच परिसरात आहे. मराठीसह अनेक भाषांच्या टंकनाची सोय विकिपीडियावर २०१३ पासून ‘युनिव्हर्सल लँग्वेज सिलेक्टर’ ह्या केंद्रीय पुरवणीतून मिळते, आणि तिच्यातील कळफलक एका स्वतंत्र मुक्त संग्रहात राहतात. तेथे प्रत्येक कळफलकाच्या संचिकेच्या आरंभीच त्याचे नाव, दिनांक, कर्ता, परवाना आणि आवृत्ती ह्यांच्या नोंदी असतात. ज्ञानेश्वरीच्या समाप्तीच्या ओव्या जे कार्य करतात, तेच ह्या चार-पाच ओळी करतात. संचिका कोठेही नेली तरी तिची ओळख तिच्यासोबत जाते. स्थळाच्या पृष्ठावर लिहिलेली माहिती स्थळाबरोबर नाहीशी होऊ शकते. कृतीच्या पोटात लिहिलेली टिकते.

आवृत्ती म्हणजे केवळ आज्ञावलीचा क्रमांक, ही समजूतही मराठीत अपुरी पडते. शुद्धलेखन तपासणारा कोश घ्या. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली शासनमान्य झाले, आणि १९७२ मध्ये चारांची भर पडून ते अठरा झाले. जुने वाङ्मय अक्षरबद्ध करणाऱ्यास ‘नाहीं’ हे रूप शुद्ध मानणारा कोश हवा; आजचे अर्ज लिहिणाऱ्यास तेच रूप चूक दाखविणारा. दोन्ही कोश एकाच मूळ आज्ञावलीच्या एकाच आवृत्तीवर उत्तम चालतील, आणि तरीही एकाचा वापरकर्ता दुसऱ्याने फसेल. पुरवणी कोणत्या लेखननियमांस अनुसरते, हा रकाना परदेशी नमुन्यावर उभारलेल्या स्थळांत आपोआप येणार नाही. तो येथील रचनाकारानेच योजिला पाहिजे.

लोकप्रियतेनुसार क्रम लावण्याच्या रूढीचाही येथे विचार केला पाहिजे. वापरकर्त्यांच्या संख्येवर क्रम लावला की लहान समाजाची पुरवणी कायमची तळाशी जाते. वऱ्हाडी बोलीचा शब्दसंग्रह जोडणारी पुरवणी केली, तर तिचे वापरकर्ते थोडेच असणार. त्यांच्यासाठी ती एकमेव असेल. संख्या दाखवावी, पण प्रथम चाळणी भाषा, लिपी आणि उपयोग ह्यांची असावी.

७

ह्यावर असा आक्षेप घेता येईल, की इतक्या नोंदी मागितल्या तर पुरवण्या देणारेच मिळणार नाहीत. आक्षेपात तथ्य आहे. विनामूल्य काम करणाऱ्याकडून कचेरीसारखे अर्ज भरून घेणे अन्यायाचे होईल. परंतु वर सांगितलेल्या नोंदींपैकी कर्ता, दिनांक, आवृत्ती आणि परवाना ह्या संचिकेतून यंत्राला आपोआप उचलता येतात. हस्तांतरण आणि चालकांचा हस्तक्षेप ह्यांची नोंद स्थळानेच करावयाची असते. तपासणी त्रयस्थांकडे जाते. कर्त्याने स्वतः लिहावयाचे उरते ते पुरवणी काय करते, ती कोणाच्या कृतीवरून घेतली आणि कोणत्या लेखननियमांस अनुसरते, एवढेच. तीन वाक्यांचा हा श्रम फार नव्हे.

ह्या विवेचनाचा व्यावहारिक भाग विद्यापीठीय विभागांना सर्वाधिक लागू पडतो. नेवासे ज्या जिल्ह्यात आहे तेथील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात. संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात विद्यार्थ्यास प्रकल्प करावा लागतो, आणि मराठीसाठी केलेली एखादी उपयुक्त पुरवणी त्यातून निर्माण झाली, तरी परीक्षा संपताच तिला पुढचा वाली राहत नाही. अशा कामासाठी भव्य स्थळाची गरज नाही. कृतीच्या पोटात समाप्तीची नोंद, दोन-तीन ठिकाणी प्रतिरूपाने ठेवलेला साठा, पुढील वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून होणारी त्रयस्थ तपासणी, आणि मागील वर्षाच्या कर्त्याकडून नव्या कर्त्याकडे होणाऱ्या हस्तांतरणाची उघड नोंदवही, ह्या चार गोष्टींवर एक लहान भांडार उभे राहू शकते. शुद्धलेखनाचा कोश एका वर्षी एकाने आरंभिला, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याने त्यात सामान्यरूपे घातली आणि तिसऱ्याने जुन्या लेखनाची निराळी शाखा काढली, तर त्या तिघांची नावे, तारखा आणि फरक एकाच पृष्ठावर वाचता आले पाहिजेत. तसे झाले तर चौथ्याला आरंभापासून आरंभ करावा लागणार नाही, आणि कोशातील एखादे रूप चुकीचे आढळल्यास ते कोणाकडून आले हे शोधण्यासाठी कोणास सर्व प्रती नव्याने पडताळाव्या लागणार नाहीत.